बोअर

आमच्या धारूरकडे 'बोअर' म्हटलं की आधी पाणी आठवतं. बोअर मारला, बोअर कोरडा गेला, तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला, ही वाक्यं आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकलो. दुसरा बोअर बंदुकीचा. तो घरात फक्त आजोबांच्या तोंडून ऐकला, आणि तोही एकाच आकड्यासोबत: बारा बोअर. आज लिहितोय ते या दुसऱ्या बोअरबद्दल. पाणी शोधत आलेल्यांनी क्षमा करावी :-)

निमित्त घरचंच. मागच्या रब्बीत चुलतभावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. हरभऱ्याचं रान, नांगर फिरवल्यासारखं उकरलेलं. रानडुकरं. एका रात्रीत पाऊण एकर साफ. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, रडके चेहरे टाकले. मग मोंटानातल्या मामेभावाने (तो वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला आणि आता तिकडचाच नागरिक आहे) त्याच्या रायफलीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही असती तर एका गोळीत निकाल!" त्यावर चुलतभावाचं उत्तर, "पाठवा की मग. कुरिअरनं."

हसण्यावारी गेलं. पण दोन दिवसांनी चुलतभावाचा मला वेगळा फोन आला. "दादा, खरंच सांगा, परवाना काढू का? आपल्याला मिळती का असली?"

मी वकील नाही, आणि शिकारी तर नाहीच नाही. पण प्रश्न डोक्यात घर करून बसला. दोघं भाऊ, दोघांच्याही दारात जनावर. एकाच्या हातात ती रायफल आहे, दुसऱ्याच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी. असं का झालं हे शोधत गेलो तर दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

आधी त्या रायफलीविषयी. ती मी पाहिली आहे. २०२२च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा. फक्त पाहिलीच, कारण टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परक्या माणसाने तिकडे बंदूक हाती धरणं कायद्यात बसत नाही (शिकारीचा परवाना वगैरे काढला असेल तर गोष्ट वेगळी). त्यामुळे तो नेम धरत होता आणि मी कानात बोळे घालून मागे उभा. तेही पुरेसं होतं. आवाज कानाला नाही, छातीला लागतो.

मार्लिन १८९५. नाव जुनं, रायफल नवी. मूळ मार्लिन कंपनी विकली गेली, रेमिंग्टनकडे गेली, २०२०मध्ये रेमिंग्टनचंच दिवाळं वाजलं, मग रुगर कंपनीने मार्लिन घेतली आणि २०२१च्या अखेरीपासून ही रायफल पुन्हा बनू लागली. प्रकार 'लिव्हर-अ‍ॅक्शन'. ज्यांनी काउबॉयचे सिनेमे पाहिलेत त्यांना लगेच कळेल. चापाभोवतीची लोखंडी कडी मागे लांब होत गेलेली असते. गोळी झाडली की बोटं त्या कडीत ठेवूनच ती खाली-पुढे ढकलायची; रिकामं काडतूस बाहेर उडतं. परत वर ओढली की नवीन काडतूस नळीत. खट-खटाक. 'टर्मिनेटर २'मध्ये अरनॉल्ड मोटारसायकलवर एका हाताने गरगर फिरवतो ती याच जातीची, पण ती छऱ्यांची बंदूक आहे, रायफल नव्हे. आणि मामेभाऊ म्हणतो, तसं फिरवायला गेलास तर बोटं तरी मोडतील नाहीतर नाक तरी.

तिची गोळी '४५-७०'. पंचेचाळीस म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस. साधारण साडेअकरा मिलिमीटर. सत्तर म्हणजे मूळ काडतुसात ठासलेली काळी दारू, ७० ग्रेन, साडेचार ग्रॅम. आणि गोळी मूळची ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम. आपल्या हिशोबात सव्वादोन तोळे. एवढ्या वजनाचं मंगळसूत्र करायचं म्हटलं तर आमच्याकडे एक एकर विकावं लागेल, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही. त्याच्या एका काडतुसाची किंमतही तशी कमी नाही.

काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक बसतात. म्हणून गोळ्यांची टोकं चपटी लागतात. टोकदार गोळी असेल तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमकं जिथे ठिणगी पडते तिथे टेकून राहणार, आणि एका धक्क्याला आतल्या आत स्फोट. (अलीकडे मऊ रबरी टोकाच्या गोळ्याही निघाल्यात, त्या चालतात.) चपटी जड गोळी फार लांब जात नाही, शंभर-दीडशे मीटरनंतर भराभर खाली पडू लागते. पण तिकडच्या डोंगरात तेवढंच हवं असतं. दाट झाडी, अस्वल दिसलंच तर वीस-तीस पावलांवर दिसणार. रायफल सव्वातीन किलोच्या आतबाहेर, कडेने चपटी, त्यामुळे मध्यावर धरून एका हातात दिवसभर चालता येतं. रायफल झाडली की खांदा दुसऱ्या दिवशी निळा. त्याच्या बायकोने एकदाच झाडली आणि परत करताना "तुझी तुलाच लखलाभ" म्हणाली.

एक मात्र त्याने आवर्जून सांगितलं. डोंगरात अस्वल अंगावर आलं तर पहिला हात कमरेच्या मिरचीच्या फवाऱ्याकडे जातो, रायफलीकडे नाही. ग्रिझली अस्वल तिकडे १९७५पासून कायद्याने संरक्षित आहे; जिवावर बेतल्याशिवाय मारता येत नाही. राष्ट्रीय उद्यानात २०१०पासून बंदूक जवळ बाळगता येते, पण झाडायला बंदी. म्हणजे त्याचं हे सव्वातीन किलोचं ओझं बहुतेक वेळा नुसतं ओझंच.

आता खरी गंमत. अमेरिकन लष्कराने ४५-७० काडतूस घेतलं १८७३मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७१मध्ये, इंग्रजांनी आपल्या सैन्यासाठी नवी रायफल घेतली: मार्टिनी-हेन्री. मार्टिनी हा स्वित्झर्लंडचा, त्याने कळ बसवली. हेन्री एडिंबरोचा, त्याने नळीतल्या खाचा दिल्या. बोअर किती? चारशे पन्नास, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर ४५०. तोच. गोळी जराशी जड, ४८० ग्रेन, ३१ ग्रॅम, पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. आणि तिलाही चापामागे लिव्हर! ती खाली ओढली की आतला लोखंडी ठोकळा खाली झुकतो, रिकामं काडतूस बाहेर, नवीन हाताने घालायचं, लिव्हर वर. फरक एवढाच की ही एकावेळी एकच गोळी घेते. कसलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा बार काढी. झुलूंशी १८७९मध्ये झालेल्या लढाया हिच्याच. १८७७ला प्लेव्हनाला तुर्कांकडे दोन्ही जाती होत्या, लांबच्या माऱ्याला मार्टिनीची भावंडं आणि जवळ आल्यावर विंचेस्टरच्या भराभर चालणाऱ्या लिव्हर रायफली. रशियनांची त्यांनी दाणादाण उडवली होती.

म्हणजे एकाच दशकात, जवळजवळ एकाच मापाच्या दोन गोळ्या जन्माला आल्या. एक पुढे अमेरिकेत शेतकऱ्याच्या, वाटाड्याच्या, शिकाऱ्याच्या हाती गेली. विंचेस्टरने १८८६मध्ये जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर तिच्यासाठी मजबूत लिव्हर रायफल काढली आणि ती कुणालाही दुकानात मिळू लागली. दुसरी हिंदुस्थानात आली.

हिंदुस्थानात ती कुणाच्या हाती आली हे पाहण्यासारखं आहे. १८५७ पोळल्यावर इंग्रजांनी एक अलिखित शिस्त पाळली: देशी पलटणीच्या हातातली बंदूक गोऱ्या पलटणीच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागची असली पाहिजे. उदाहरण हवं तर मैवंदचं घ्या. २७ जुलै १८८०, अफगाणिस्तान. गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री. त्याच रांगेत उभ्या मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे जुन्या स्नायडर. एकच शत्रू, एकच दिवस, एकच मैदान, आणि दोन प्रतीच्या बंदुका. पराभव मात्र दोघांचा सारखाच झाला. पुढे गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनी देशी शिपायांकडे उतरली. मोठ्या भावाची विजार धाकट्याला यावी तशी.

हे सैन्याचं. साध्या माणसासाठी लॉर्ड लिटनने १८७८मध्ये शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. काँग्रेसच्या १८८७च्या मद्रास अधिवेशनात याविरुद्ध ठराव झाला होता हे आपण शाळेत शिकलो नाही, पण झाला होता.

तुम्ही म्हणाल धारूर तर निजामाच्या राज्यात, इंग्रजांचा कायदा आमच्याकडे कसा? बरोबर. पण विलायती बंदूक येणार समुद्रातून आणि बंदरं इंग्रजांची. शिवाय इंग्रज फार लांब नव्हतेच. आमच्यापासून केजमार्गे तासाभरावर अंबाजोगाई आहे. तेव्हा तिचं नाव मोमिनाबाद, आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. निजामाच्या पैशावर उभी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज. १९०३मध्ये ती सरळ इंग्रजी सैन्यात विरघळली. निजामाची स्वतःची शिकार व्हायची ती वेगळीच. सहावा निजाम महबूब अली खान नेमबाज म्हणून नावाजलेला, आणि त्याच्या शिकारींचे फोटो काढायला राजा दीनदयाळ. ते फोटो पाहिले तर मोठ्या बोअरच्या रायफली कुणासाठी होत्या ते दिसतं. जंगलही तिकडचं, तेलंगणातलं. आमच्या बालाघाटच्या वाट्याला काळवीट, डुक्कर आणि अधूनमधून बिबट्या.

(अवांतर: धारूरच्या किल्ल्यावर गेलात तर तीन बाजूंनी दरी आणि एका बाजूने खंदक पाहून वाटतं इथे तोफांशिवाय बोलणंच नसेल. पण आदिलशाही सरदार किश्वरखान, ज्याने सोळाव्या शतकात हा किल्ला नव्याने उभा केला, तो निजामशाही हल्ल्यात मेला बाण लागून, असं फिरिश्ता सांगतो. तोफा राहिल्या बाजूला.)

आता १९०७कडे येऊ. माझ्या मते या सगळ्या कथेतलं हे सर्वांत महत्त्वाचं साल. मार्टिनी-हेन्री जुनी झाली तशी ती बाजारात वाहू लागली. मस्कतमार्गे, इराणच्या आखातातून, होड्यांनी आणि उंटांनी हजारो रायफली वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांकडे पोचायला लागल्या. इंग्रजांचीच रायफल, इंग्रजांवरच रोखलेली. रायफल मिळाली तरी काडतूस लागतंच. तेव्हा सरकारने काय केलं? ४५० बोअरची खाजगी रायफल आणि काडतुसं हिंदुस्थानात (आणि सुदानमध्ये) आणायलाच बंदी घातली. साहेबलोकांनाही. वाघाच्या आणि रानगव्याच्या शिकारीची त्यांची लाडकी रायफल नेमकी याच बोअरची, त्यामुळे लंडनच्या बंदूकवाल्यांची पळापळ झाली. हॉलंड अँड हॉलंडने ४६५ काढली, जोसेफ लँगने ४७०, वेस्टली रिचर्ड्सने ४७६. इंचाच्या हजाराव्या भागांनी इकडे-तिकडे सरकवलेली मापं. वाघ तोच, जंगल तेच, शिकारी तोच. बोअर बदलला तो सरकार पठाणाला घाबरलं म्हणून.

असंच ३०३चं झालं. ती सैन्याची गोळी, म्हणून खाजगी माणसाला मना. मग त्याच्यासाठी ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसावरून ३१५ बोअर आला. आजही भारतात सरकारी कारखान्याची स्पोर्टिंग रायफल घ्यायला गेलात तर ती ३१५ असते. इंग्रज जाऊन पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली, बोअर त्यांनी नेमून दिलेलाच. 'प्रोहिबिटेड बोअर' आणि 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर' हे शब्दही आपल्या परवान्यात अजून तसेच.

ब्राउनिंगचं नाव आपल्याकडेही आलं, पण वेगळ्या दाराने. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंगचं पिस्तूल, लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीसांपैकी. विंचेस्टरची लिव्हर रायफल आखणारा तोच हा ब्राउनिंग. त्याच साली थिओडोर रुझवेल्ट आफ्रिकेत सिंहाच्या मागे फिरत होते आणि त्यांच्या हातात ब्राउनिंगचीच विंचेस्टर १८९५ होती, ४०५ बोअरची. तिकडे मौज, इकडे फाशी.

मराठवाड्यातल्या साध्या घरात मग काय उरलं? तर बारा बोअर. आणि त्याहून खाली ठासणीची. बारा बोअर म्हणजे काय ते आजोबांनी मला पाटावर बसून समजावलं होतं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर, म्हणून सोळा बाराहून लहान. हे गणित मला व्यवहारी अपूर्णांकांपेक्षा लवकर कळलं. एक गोळी ३८ ग्रॅमच्या जरा आत भरते, सव्वातीन तोळे. म्हणजे तोंडाने बारा बोअर मामेभावाच्या रायफलीहून कितीतरी मोठी! पण तिच्या नळीला आतून खाचा नाहीत, गुळगुळीत असते, गोळीला फिरकी मिळत नाही. छरे भरले तर ते पसरत जातात. चाळीस पावलांच्या पुढे डुकराला नुसती गुदगुली.

आजोबांची एकनळी होती. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर काही वर्षांनी घेतलेली. १९४८च्या सप्टेंबरच्या आधीच्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच म्हणत की त्या वर्षी ज्याच्याकडे बंदूक होती तो झोपला नाही आणि ज्याच्याकडे नव्हती तोही झोपला नाही. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कराचीहून विमानं भरभरून निजामाला शस्त्रं पोचवत होता हे मी नंतर वाचलं. आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, आमच्यावर रोखलेली त्यातलीच कशावरून नसेल.

त्यांची बंदूक मी झाडलेली पाहिली ती दोनदाच, दोन्ही वेळा हवेत, डुकरांना हुसकायला. बाकी वर्षभर ती आतल्या खोलीत खुंटीला, खोळीत. निवडणूक लागली की सरकारी नियमाप्रमाणे जमा करायची, निकालानंतर परत आणायची. आणली की आजोबा आधी गजाला तेलाचं फडकं गुंडाळून नळीतून फिरवत, मग चहा घेत. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, 'शक्तिमान'. लाल पुठ्ठ्याचा आणि पितळेचा तो वास अजून आठवतो. परवान्याचं पुस्तक मात्र देवघराच्या फडताळात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर. त्यात 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: पीकसंरक्षण.

आजोबा गेले तेव्हा वडिलांपुढे दोन वाटा होत्या, परवाना आपल्या नावावर करून घेणं किंवा बंदूक परवानाधारक दुकानदाराला विकणं. त्यांनी विकली. आईने त्या रात्री बरं झालं म्हटलं.

आता चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो दोनदा "काय म्हणता!" म्हणाला, म्हणून इथे नीट लिहितो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात पीकसंरक्षणाची सोय आहे. खऱ्या शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यावा असं ते सांगतं. कशाचा? ठासणीच्या बंदुकीचा! म्हणजे गडचिरोलीकडे जिला भरमार म्हणतात ती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छरे, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची, मग बार. पावसाळी हवेत दारू ओली. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुकरं पलीकडच्या शिवारात. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, तीही वीस इंचांहून कमी नळीची नको. रायफलीचा या तरतुदीत उल्लेखच नाही. १९५९ साली, मार्टिनी-हेन्री जन्मून अठ्ठ्याऐंशी वर्षं झाल्यावर, स्वतंत्र भारताच्या कायद्याने शेतकऱ्याला मार्टिनीच्याही मागची बंदूक नेमून दिली. मैवंदची शिस्त आपण पुढे चालवली असं कुणी म्हटलं तर मला उत्तर सुचत नाही.

मामेभावाची ४५-७० इकडे आणायचं तर विसराच. परदेशी बंदुकांची खाजगी आयात काही दशकांपासून जवळपास बंद आहे. जुन्या संस्थानिकांकडच्या विंचेस्टर आणि हॉलंड हातोहात फिरतात, सोन्याच्या भावाने, आणि त्यांना काडतूस मिळेल याची खात्री नाही.

आणि समजा बंदूक मिळाली. मग डुक्कर मारता येतं का? १९७२च्या वन्यजीव कायद्यापासून तसं सरसकट मारता येत नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याची परवानगी मिळू शकते. महाराष्ट्राने २०१५मध्ये रानडुक्कर आणि रोह्यांसाठी ही पद्धत सोपी केली. मेलेलं जनावर सरकारजमा. परवानगीचा कागद आहे, पण शिवारात बंदूक कुणाकडे आहे? २०२०च्या हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, बिबट्याने माणसं मारली. आठवडे गेले. शेवटी १८ डिसेंबरला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याच्या बाजूला तो गोळ्या घालून मारला गेला. तोवर लोक संध्याकाळी दारं लावून बसत होते. त्या दिवसांत रायफल असावी असं कुणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं.

बीड जिल्ह्यात बंदुका नाहीत असं मात्र समजू नका. ९ डिसेंबर २०२४ला शेजारच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा बाहेर आला: बाराशेच्या वर. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मग शंभरावर परवाने रद्द झाले. मोंटानातून मामेभावाचा मेसेज आला, "अरे, तुमच्याकडे तर आमच्यापेक्षा जोरात आहे." मला राग आला, पण त्याला लिहायचं काय?

त्या बाराशेंत हरभरा राखणारे किती असतील हे ज्याने त्याने ताडावं. माझा अंदाज वाईट आहे. पिस्तुलाने डुक्कर मारत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात जो रकाना 'पीकसंरक्षण' या शब्दाने भरला होता, तो आता बहुतेक 'आत्मसंरक्षण'ने भरला जातो, आणि ते आत्मसंरक्षण लग्नाच्या वरातीत दिसतं. जॅक्सनच्या काळात सरकार लोकांच्या हातातल्या बंदुकीला भ्यायचं. आता गाव गावातल्याच बंदुकीला भितं, आणि ज्याला डुकराची भीती आहे तो दोन्हींच्या मधे काठी घेऊन उभा.

मामेभावाच्या रायफलीबद्दल माझ्या मनात असूया आहे का? आहे थोडी. रायफलीची नाही, तिच्यामागच्या साधेपणाची. तो ती पावती फाडून दुकानातून आणतो, डोंगरात नेतो, घरी आल्यावर तेल लावून तिजोरीत ठेवतो. पण त्याच्या मुलीच्या शाळेत महिन्यातून एकदा बंदूकधारी आला तर बाकाखाली कसं लपायचं याचा सराव होतो, हेही त्यानेच सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी, रायफल पुसता पुसता. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती शेजारी बसून रिकामी पितळी काडतुसं रांगेत उभी करत होती.

चुलतभावाला मी काय सांगितलं? कायदा सांगितला तसा सगळा सांगितला, आणि निर्णय त्याच्यावर सोडला. तो म्हणाला, ठासणीची घेऊन मी काय पिक्चर काढू का? मग वहिनीने फोन घेतला. तिचं एकच म्हणणं होतं: घरात बंदूक आली की आधी बांधाचं भांडण आठवतं, डुक्कर नंतर. आमच्या भाऊबंदकीचा इतिहास माहीत असणाऱ्यांना तिचं पटेल. आमच्या बांधाची केस अजून केजच्या कोर्टात आहे.

या वर्षी त्याने हरभऱ्याच्या चारी बाजूंनी करडईचे सहा-सहा ओळींचे पट्टे पेरलेत. जुनी पद्धत आहे, आजोबाही ज्वारीभोवती करडई लावायचे. वाळली की काटे असे होतात की जनावर तोंड घालत नाही. डुकराला किती अडवेल ते पुढच्या दोन महिन्यांत कळेल. शिवाय रात्री तो आणि शेजारचे दोघं पाळीने मचाणावर असतात. भोंगा, बॅटरी आणि फटाके घेऊन. परवा फोन केला तेव्हा तिथूनच बोलत होता. मागे कुत्रं भुंकत होतं आणि तो मधेच म्हणाला, "थांबा दादा, खाली कायतरी खसफसतंय."